टर्मिनल, शेल, कर्नल: सीमाभागातल्या नवशिक्यासाठी प्रस्तावना

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ‘सॉर्ट गावे’ एवढे टंकून एंटर दाबले की ‘गावे’ नावाच्या फाइलमधल्या ओळी क्रमाने लागून पडद्यावर येतात. या एका कामात चार वेगवेगळे घटक गुंतलेले असतात. कळफलकावर दाबलेली अक्षरे स्वीकारणारे आणि उत्तर दाखवणारे टर्मिनल, टंकलेल्या ओळीचा अर्थ लावणारा शेल, ओळी क्रमाने लावणारा सॉर्ट हा प्रोग्रॅम, आणि या तिघांनाही मेमरी, डिस्क व प्रोसेसर वाटून देणारा कर्नल. नवशिक्याला पडदा एकच दिसतो, म्हणून चौघेही एकच वाटतात. मग काही बिनसले की ‘लिनक्स चालत नाही’ असा सरसकट निकाल लागतो. प्रत्यक्षात चौघांपैकी तिघे ठीक असतात आणि चौथ्याने काय अडले ते स्पष्ट सांगितलेले असते. कोण बोलतो आहे हे ओळखता येणे हाच या विषयाचा पाया आहे.

या प्रस्तावनेत कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. कळफलकावर त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांतच टंकायच्या असतात.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे खिडक्या, चिन्हे आणि मेनू नव्हेत. ती वरची सजावट. तिचा गाभा म्हणजे कर्नल. कोणताही प्रोग्रॅम डिस्कला थेट हात लावू शकत नाही. तालुका कचेरीत जमिनीचा उतारा हवा असेल तर रेकॉर्ड रूममध्ये शिरता येत नाही, खिडकीवर अर्ज द्यावा लागतो. तसाच प्रोग्रॅमला कर्नलकडे ठरावीक पद्धतीने अर्ज करावा लागतो. या अर्जांना सिस्टिम कॉल म्हणतात. फाइल उघडणे, वाचणे, नवा प्रोग्रॅम सुरू करणे, नेटवर्कवर काही पाठवणे, सगळे या कॉलमधूनच होते. आणि कर्नलचे नकारार्थी उत्तर शब्दांत येत नाही, आकड्यात येते. लिनक्समध्ये मागितलेली फाइल नसेल तर २, परवानगी नसेल तर १३. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ किंवा ‘पर्मिशन डिनाइड’ ही वाक्ये नंतर बाहेरच्या थरांत त्या आकड्यांना जोडली जातात. कर्नलला इंग्रजीही येत नाही, मराठीही नाही आणि कन्नडही नाही. भाषा हा सगळा बाहेरच्या थरांचा मामला आहे. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या बेळगाव-निपाणी भागात, जिथे घरातली भाषा एक, कचेरीतली दुसरी आणि पाठ्यपुस्तकातली तिसरी असते, तिथे या गोष्टीला विशेष महत्त्व आहे.

शेल हाही एक साधा प्रोग्रॅमच आहे, कर्नलचा भाग नव्हे. आज हे सहज वाटते, पण १९६०च्या दशकात ही कल्पना नवी होती. मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाच्या काळात लुई पूझँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने कमांड वाचणारा भाग मुख्य यंत्रणेतून वेगळा काढण्याचा विचार मांडला आणि त्याला ‘शेल’ हे नाव दिले. बेल लॅब्जमधले केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची मल्टिक्सवर काम करून बाहेर पडले होते. त्यांनी १९६९मध्ये एका जुन्या पीडीपी-७ यंत्रावर युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे काम सुरू केले आणि शेल वेगळा ठेवण्याची कल्पना सोबत घेतली. त्याचा परिणाम असा की शेल बदलता येतो आणि खालची यंत्रणा तशीच राहते. १९७९मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत स्टीव्ह बॉर्न यांचा शेल आला, १९८९मध्ये ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी बॅश लिहिला, १९९०मध्ये झेडशेल आला. युनिक्सच्या धर्तीवरचा लिनक्स कर्नल १९९१चा आहे, म्हणजे त्यावर आज बहुतेक ठिकाणी आढळणारा बॅश त्याच्याहून वयाने मोठा आहे. ॲपलने २०१९मध्ये मॅकवरचा मुख्य शेल बॅशऐवजी झेडशेल केला.

टर्मिनलचा इतिहास त्याहून जुना. पूर्वी पडदा नव्हता. टेलिटाइप नावाचे टंकयंत्र संगणकाला जोडलेले असे आणि उत्तर कागदावर छापून येई. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत बातम्यांचा कागद खडखडत बाहेर टाकणारी टेलिप्रिंटर यंत्रे याच कुळातली. त्यांपैकी मॉडेल ३३ हे लोकप्रिय यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापत असे आणि त्याच्या कळा दाबायला जड होत्या. अशा यंत्रावर लांबलचक शब्द कोण टंकणार? म्हणून कॉपी करायला ‘सीपी’, हलवायला ‘एमव्ही’, काढून टाकायला ‘आरएम’, यादीसाठी ‘एलएस’. आजचे टर्मिनल म्हणजे त्या टंकयंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम आहे. लिनक्समध्ये ‘टीटीवाय’ ही कमांड दिली की आपण कोणत्या टर्मिनलवर बसलो आहोत ते कळते. त्या नावात टेलिटाइपच दडलेला आहे.

या आखूड नावांचा एक फायदा मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याच्या सहसा लक्षात आणून दिला जात नाही. ‘ग्रेप’ हा इंग्रजी शब्द नाही; तो ‘ईडी’ या जुन्या संपादकातल्या एका सूचनेची आद्याक्षरे जोडून झाला आहे. ‘सीएचमॉड’ किंवा ‘ऑक’ हेही कोणत्या इंग्रजी शाळेत शिकवत नाहीत. निपाणीच्या मराठी शाळेतून दहावी करून इंग्रजी माध्यमाच्या पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेलेल्या मुलाला फिजिक्सचे पुस्तक जड जाते हे खरे, पण कमांड लाइनपुढे तो आणि कॉन्व्हेंटमधला मुलगा यांच्यात फारसे अंतर नसते. दोघांनाही हे शब्द नव्यानेच शिकायचे असतात. इंग्रजी लागते ती मदतपाने वाचताना, आणि तेही बेताची.

हा विषय या भागाला परका मुळीच नाही. १९९८मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे, आणि कर्नाटकातल्या पुष्कळ अभियांत्रिकी महाविद्यालयांचा अभ्यासक्रम इथूनच ठरतो. त्याच्या २०१०च्या संगणकशास्त्र अभ्यासक्रमात ‘युनिक्स आणि शेल प्रोग्रॅमिंग’ हा चौथ्या सत्राचा स्वतंत्र विषय होता, आणि त्यासाठी सुमिताभ दास यांचे युनिक्सवरचे पुस्तक पाठ्यपुस्तक म्हणून लावलेले होते. ते पुस्तक चांगलेच आहे. अडचण अशी की परीक्षेच्या दृष्टीने विषय पाठ होतो. ‘ग्रेपचे पाच पर्याय लिहा’ असा प्रश्न सुटतो, पण ओळ टंकल्यावर आत काय घडले ते विचारले तर गप्प बसावे लागते.

आत काय घडते ते असे. शेल आधी ओळीचे मोकळ्या जागांवरून तुकडे पाडतो. म्हणून फाइलचे नाव ‘तंबाखू हिशेब’ असेल आणि ते अवतरणचिन्हांत घातले नसेल, तर शेलच्या लेखी त्या दोन फाइली होतात. आपल्याकडे फाइलींना दोन-तीन शब्दी मराठी नावे देण्याची सवय असल्यामुळे हा फटका लवकरच बसतो. मग शेल तारकाचिन्हाचा विस्तार करतो: ‘एलएस क*’ लिहिले की ‘क’ने सुरू होणारी सगळी नावे तोच ओळीत भरतो. ‘एलएस’ला तारका दिसतच नाही, तयार यादी मिळते. जुन्या डॉसमध्ये हे काम प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतः करावे लागे. त्यानंतर शेल पहिल्या तुकड्याला कमांड मानतो आणि ‘पाथ’ या चलात नोंदवलेल्या फोल्डरांत त्या नावाचा प्रोग्रॅम शोधतो. सापडला नाही तर ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणतो. हे वाक्य शेलचे स्वतःचे आहे. बहुतेक वेळा त्यामागे टंकनाची चूक असते, किंवा तो प्रोग्रॅम बसवलेलाच नसतो.

प्रोग्रॅम सापडला की शेल कर्नलला ‘फोर्क’ हा अर्ज करतो. कर्नल शेलचीच दुसरी प्रत तयार करतो. ती प्रत ‘एक्झेक’ या अर्जाने स्वतःला पुसून टाकून सॉर्ट किंवा ग्रेप बनते. मूळ शेल ती संपेपर्यंत थांबतो आणि मग पुन्हा ओळ मागतो. दोन टप्प्यांची ही पद्धत पहिल्यांदा विचित्र वाटते, पण एक कोडे तिने सुटते. फोल्डर बदलणारी ‘सीडी’ ही कमांड शेलच्या पोटातच का असावी लागते? ती वेगळा प्रोग्रॅम असती तर प्रतीने आपला फोल्डर बदलला असता, प्रत संपली असती, आणि मूळ शेल होता तिथेच राहिला असता.

आता गावांच्या यादीकडे. ‘गावे’ या फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर गावाचे आणि तालुक्याचे नाव आहे असे धरू: कोगनोळी निपाणी, अकोळ निपाणी, येळ्ळूर बेळगाव, नंदगड खानापूर, गळतगा निपाणी, गवसे आजरा. ‘ग्रेप निपाणी गावे’ म्हटले की निपाणी हा शब्द असलेल्या ओळी वेगळ्या निघतात. त्यापुढे उभी रेघ देऊन ‘सॉर्ट’ लिहिले की त्याच ओळी क्रमाने येतात. सॉर्टच्या जागी ‘डब्ल्यूसी -एल’ लिहिले की ओळींची संख्या मिळते. ही उभी रेघ म्हणजे पाइप. डग मॅकिलरॉय यांनी ही कल्पना कित्येक वर्षे लावून धरली होती, आणि १९७३मध्ये टॉम्प्सन यांनी ती युनिक्समध्ये आणली. ग्रेपला ठाऊक नसते की आपला मजकूर सॉर्टकडे चालला आहे. तो नेहमीप्रमाणे पडद्यासाठीच लिहीत असतो. दोघांच्या मधला जोड शेल आणि कर्नल मिळून घालतात. छोटे प्रोग्रॅम असे एकापुढे एक जोडता येतात, आणि कमांड लाइनची खरी ताकद यातच आहे. पाचशे गावांची यादी माउसने चाळण्यापेक्षा ही एक ओळ लिहिणे केव्हाही सोपे.

सॉर्टने दिलेला क्रम मात्र नीट पाहावा. पूर्ण यादी नुसत्या साठवण-क्रमांकांनुसार लावली तर गळतगा आधी येते आणि गवसे नंतर. मराठी वर्णमालेनुसार उलट हवे, कारण ‘ळ’ हे अक्षर ‘ह’च्या नंतरचे. युनिकोड या, प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकाच्या तक्त्यात मात्र ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढची जागा मिळाली आहे, ‘व’च्या आधी. सॉर्टचा इथे दोष नाही. भाषा कोणती हे त्याला सांगितलेले नसले तर तो क्रमांकच पाहणार. ती माहिती ‘लँग’ या चलातून दिली जाते. लिनक्समध्ये मराठी-भारत, कन्नड-भारत, कोंकणी-भारत अशा वेगवेगळ्या लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या जोड्या, उपलब्ध आहेत. एकाच संगणकावर एका वापरकर्त्याने मराठी, दुसऱ्याने कन्नड आणि तिसऱ्याने इंग्रजी लोकेल ठेवली तरी काही बिघडत नाही. तारखेतली महिन्यांची नावे ज्याला त्याला आपापल्या भाषेत दिसतात. संदेश मात्र अनुवाद झाला असेल तेवढेच.

अक्षरांच्या साठवणीचा मुद्दा सीमाभागात जरा विस्ताराने पाहण्याजोगा आहे. ‘बेळगाव’ या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने सहा चिन्हे आहेत: ब, एकाराची मात्रा, ळ, ग, काना, व. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे १८. ‘एको बेळगाव’ पुढे पाइप देऊन ‘डब्ल्यूसी -सी’ केले तर उत्तर १९ येते. एक बाइट ओळ संपल्याच्या खुणेचा. कन्नड लिपीत ‘बेळगावी’ लिहिले तर सात चिन्हे, २१ बाइट. शहराचे इंग्रजी नाव २०१४मध्ये सरकारी दप्तरात बदलले, वाद पुष्कळ झाले. कर्नलच्या दृष्टीने फरक एवढाच की बाइट वेगळे. लिनक्स कर्नल फाइलच्या नावात फक्त दोन गोष्टी नाकारतो: तिरकी रेघ आणि शून्य किमतीचा बाइट. बाकी कोणतीही लिपी त्याला चालते. मर्यादा आहे ती लांबीची. नेहमीच्या ईएक्सटी-४ फाइल सिस्टिममध्ये नाव २५५ बाइटपर्यंतच असू शकते, म्हणजे देवनागरीत किंवा कन्नडमध्ये जेमतेम ८५ चिन्हे, आणि त्यात मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे आले. ठरावाचा अख्खा विषयच फाइलचे नाव म्हणून देणाऱ्यांना ही मर्यादा अडवते.

दोन्ही लिप्यांचे युनिकोड तक्ते एकाच साच्यातले आहेत. भारतीय लिप्यांसाठी आधी इस्की हे मानक तयार झाले होते, त्यात सर्व लिप्यांतल्या समान उच्चाराच्या अक्षरांना समान जागा होती, आणि युनिकोडने तीच मांडणी उचलली. त्यामुळे देवनागरी ‘ग’च्या क्रमांकात ८९६ मिळवले की कन्नड ‘ग’ मिळतो, ‘ळ’चेही तसेच. एका छोट्या प्रोग्रॅमने मराठी नावांची यादी कन्नड लिपीत उतरवता येते. पण आंधळेपणाने उतरवली तर चुका होतात. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन एकार आहेत. मराठीची मात्रा दीर्घ एकाराच्या जागी जाऊन बसते, आणि ‘बेळगावी’तला एकार कन्नडमध्ये ऱ्हस्व आहे. यंत्राने उतरवलेले नाव त्यामुळे कन्नड वाचकाला खटकणार.

खुद्द मराठीतही एक सापळा आहे. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकला जातो. काही कळफलक त्यासाठी वेगळे ‘ऱ’ वापरतात, काही साध्या ‘र’पुढे हलन्त देऊन न दिसणारे जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ग्रेपला ते दोन निराळे शब्द वाटतात, आणि एका प्रकाराने शोधले तर दुसऱ्या प्रकाराने टंकलेल्या ओळी हाती लागत नाहीत.

याहून मोठी अडचण जुन्या मजकुराची. बेळगाव, निपाणी, चिकोडीतल्या छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत मराठीसाठी श्रीलिपीसारखे आणि कन्नडसाठी नुडीसारखे जुने फॉन्ट वर्षानुवर्षे चालत आले. युनिकोड नसलेल्या त्या पद्धतीत फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे क्रमांक साठवलेले असतात. मराठी किंवा कन्नड दिसते ते केवळ फॉन्टमुळे. अशा फाइलीत पडद्यावर ‘निपाणी’ स्पष्ट दिसत असली तरी ग्रेपला ती सापडणार नाही. आधी रूपांतर करूनच पुढे जावे लागते. कमांड लाइन इथे निर्दय वाटते, पण ती खरे तेच दाखवते: फाइलमध्ये मराठी नव्हतीच.

दाखवण्याच्या बाबतीत टर्मिनल स्वतःही कमी पडते. ते चौकोनी घरांच्या जाळीवर चालते, आणि ‘क्ष’ किंवा ‘त्र्य’ किती घरे घेणार याचा हिशेब अनेकदा चुकतो. स्तंभ वाकडेतिकडे होतात, मात्रा शेजारच्या घरात सरकतात. खिडकीत उघडणाऱ्या नव्या टर्मिनलांत हे बरेच सुधारले आहे. लिनक्सच्या खिडक्यांविना असलेल्या निव्वळ मजकुरी पडद्यावर मात्र एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकृत्यांचाच फॉन्ट चालतो आणि जोडाक्षरे बनवण्याची सोय नाही, त्यामुळे तिथे देवनागरीची आशाच सोडावी. साठवण बरोबर असते, चित्र चुकते. हा फरक कळला की घाबरून फाइल पुन्हा टंकण्याची वेळ येत नाही.

आतापर्यंतचे वर्णन लिनक्सचे; विंडोजची घडण निराळी आहे. १९८१च्या एमएस-डॉसपासून तिथे ड्राइव्हची अक्षरे चालत आली, आणि त्याच्या १९८३च्या दुसऱ्या आवृत्तीपासून उलटी तिरकी रेघ. २००६मध्ये आलेला पॉवरशेल पाइपमधून साधा मजकूर पाठवत नाही, रचना असलेली माहिती पाठवतो, ही त्याची मोठी खुबी. २०१६पासून विंडोजच्या आतच लिनक्सची कमांड लाइन चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली, त्यामुळे कॉलेजच्या असाइनमेंटसाठी वेगळा संगणक लागत नाही. सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेने २००७मध्ये आणलेली बॉस ही लिनक्स प्रणाली मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांची सोय घेऊन येते. आणि घरी संगणक नसला तरी खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवरच चालतो. टर्मक्स हे ॲप टाकले की बॅश हाताशी येतो. फोनच्या कळफलकावर उभी रेघ शोधताना वैताग येतो, एवढेच.

शिकताना श्राव्य मार्गदर्शन हवे असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि बॅश या दोन्ही मालिका आहेत. पडद्यावरचे इंग्रजी तसेच ठेवून निवेदन मराठीत, कन्नडमध्ये आणि इतर भारतीय भाषांत दिलेले आहे. प्रत्येक पाठ साधारण दहा मिनिटांचा, आणि शेजारच्या खिडकीत तेच करत करत पाहावा अशी अपेक्षा.

एक इशारा आधीच द्यायला हवा. ‘आरएम’ने काढलेली फाइल कचरापेटीत जात नाही, ती गेलीच. ‘आरएम’सोबत तारका वापरण्याआधी तीच तारका ‘एलएस’ला देऊन कोणती नावे येतात ते पाहून घ्यावे. परवानग्यांची व्यवस्था काही प्रमाणात आवर घालते. प्रत्येक फाइलला मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी वाचणे, लिहिणे व चालवणे यांचे वेगवेगळे अधिकार असतात. ६४४ म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, बाकीच्यांनी फक्त वाचावे. ७५५ म्हणजे सगळ्यांनी चालवावेही.

रोज लागणाऱ्या ओळी एका फाइलीत लिहून ‘सीएचमॉड’ने तिला चालवण्याची परवानगी दिली की ती फाइल स्वतःच कमांड बनते. हीच शेल स्क्रिप्ट. तिच्या पहिल्या ओळीच्या आरंभी हॅश (#) आणि उद्गारवाचक (!) ही दोन चिन्हे आणि त्यापुढे बॅशचा पूर्ण पत्ता असतो. ही दोन चिन्हे खुद्द कर्नल वाचतो आणि त्यावरून कोणता शेल बोलवायचा ते ठरवतो. विंडोजच्या नोटपॅडमध्ये टंकून पेनड्राइव्हवरून आणलेली स्क्रिप्ट पुष्कळदा ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून अडते. ओळीच्या शेवटी विंडोज एक जास्तीचे न दिसणारे चिन्ह घालते, कर्नल ते बॅशच्या नावाचाच भाग समजतो, आणि तशा नावाचा शेल यंत्रावर नसतो. ‘डॉसटूयुनिक्स’ या छोट्या प्रोग्रॅममधून फाइल काढली की ती चिन्हे जातात आणि स्क्रिप्ट चालू लागते.